चोर्ला घाटाचा उतार

बेळगावहून गोव्यास उतरावयाचे मार्ग अनेक आहेत. लोंढ्यावरून अनमोडचा आहे, सावंतवाडीकडून आंबोलीचा आहे, आणि जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा आहे. प्रत्येक कुटुंबाचा आपापला लाडका घाट असतो व त्यावरून सोयऱ्याधायऱ्यांत वादही होतात. आमच्या घरी चोर्ल्याचा घाट मानतात. कारण एवढेच, की आमची धाकटी बहीण डिचोलीकडे दिलेली असून घाट उतरून साखळी गाठली की तिचे घर जवळ येते.

गेल्या जानेवारीत, नाताळचे दिवस उलटल्यावर, ह्या बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. गाडी आमच्या पुतण्याची होती. ही गाडी म्हणजे दोन रांगा आसनांची व मागे उघडा हौदा असलेली नवी डिझेल पिकअप. हौद्यात बटाट्यांची व रताळ्यांची मिळून सहा पोती, तांदळाची दोन, आणि कुंद्याचे डबे. आत पाच माणसे. चाकावर पुतण्या, त्याच्या शेजारी आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, आणि मागे आमची वृद्ध आई, आमच्या सौभाग्यवती व आम्ही.

ह्या गाडीविषयी दोन शब्द आधीच सांगितले पाहिजेत. पुतण्याच्या डाव्या गुडघ्यास चार वर्षांपूर्वी मोठी इजा झाली. शस्त्रक्रिया झाली, पाय चालता झाला, पण क्लच दाबून धरण्याचे बळ त्यात परत आले नाही. ज्या मुलाने पंधराव्या वर्षापासून ट्रॅक्टर हाकला, त्यास शेजाऱ्याच्या मोटारसायकलीवर मागे बसून बाजारास जावे लागे. म्हणून त्याने कर्ज काढून ही स्वयंचलित गिअरची गाडी घेतली. तिला क्लच नाही. ॲक्सिलरेटर व ब्रेक अशी दोनच पेडले, आणि दोन्ही उजव्या पायाची. गाडी घरी आली त्या दिवशी तो कितीतरी वेळ नुसता चाकावर बसून होता. तेव्हा त्या गाडीस कोणी नावे ठेवलेली त्यास खपत नाहीत, हे आम्ही सर्व जाणून होतो. दादाही जाणून होते. दादांनी एकतीस वर्षे सरकारी बस चालविली व त्यांतील बहुतेक वर्षे घाटांतच गेली. परंतु त्या दिवशी ते बराच वेळ गप्प राहिले, ते ह्यामुळेच.

जांबोटीपर्यंतचा प्रवास सुखाचा झाला. रस्ता चढउताराचा, दोन्ही बाजूंस रान, सकाळचे धुके अजून दरीत पडलेले. चढ आला की गाडी आपणहून खालचा गिअर घेई, चढ सरला की आपणहून वरचा. पुतण्या मोठ्या हौसेने म्हणाला, “मोठे काका, बघा, मला काही करावंच लागत नाही.” दादांनी मान हलविली.

कणकुंबीस आम्ही चहासाठी उतरलो. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर वसले आहे, आणि मलप्रभा नदी येथेच उगम पावते. हे पाणी पूर्वेस वळते, कर्नाटकाची भूमी भिजवीत कूडलसंगमास कृष्णेला मिळते व अखेर बंगालच्या उपसागरात जाते. येथून थोडे पश्चिमेस सरकले की त्याच आभाळातून पडलेले पाणी उलट दिशेने धावू लागते. ते वाळवंटी नदीतून मांडवीस व मांडवीतून अरबी समुद्रास जाऊन मिळते. एकाच सरीचे दोन थेंब दोन समुद्रांस जातात, आणि त्यांच्यामधील अंतर फार तर हाकेचे असते. आम्ही हे आईस सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे पाण्यालासुद्धा सासर वेगळं वेगळं मिळतं.”

कणकुंबीनंतर काही वेळ पठार लागते. तीन राज्यांच्या सीमा ह्याच भागात एकमेकींस भेटतात. मग अकस्मात उजेड वाढतो, झाडी बाजूस होते, आणि समोर सत्तरीचे खोरे उघडे पडते. डोंगरांवर डोंगर, निळ्यावर निळे. येथून केरीपर्यंत रस्ता जवळजवळ सातशे मीटर खाली येतो आणि वाटेत वळणांची मोजदाद करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

पुतण्याने गिअरची दांडी ‘डी’ ह्या अक्षरावर होती तशीच ठेवली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. गाडी उतरू लागली. येथेच त्या यंत्राचा स्वभाव आम्ही प्रथम पाहिला. पाय उचलल्याबरोबर यंत्रास वाटले की आता ओझे नाही, जोराची गरज नाही. म्हणून त्याने तिसऱ्याचा चौथा गिअर केला व चौथ्याचा पाचवा. इंजिनाचा आवाज बसत बसत अगदी नाहीसा झाला. पाण्यावर सोडलेल्या होडीसारखी ती जड गाडी वाऱ्याच्या नुसत्या सुस्काऱ्यासह खाली चालली. “किती शांत!” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. दादांनी काचेबाहेर पाहात हळूच म्हटले, “इंजिन झोपलंय.”

पुतण्याने ते ऐकले की नाही, कोण जाणे. वेग वाढे तसा तो ब्रेक दाबी. पुढे पुढे तर पाय ब्रेकवरून निघेनाच. दहाएक वळणे गेली असतील तोच गाडीत एक वास शिरला. इस्तरी कापडावर विसरली म्हणजे येतो तसला, पण अधिक उग्र. पुतण्यास वाटले, दुसऱ्या कोणाची गाडी असेल. मागेपुढे दुसरी गाडी नव्हती. मग त्याने समोरचे एक बटण दाबले. उतारावर गाडीस आपोआप सावकाश नेणारे हे बटण आहे, असे त्यास विक्रेत्याने सांगितले होते. गाडी काहीशी सावरली, परंतु वास वाढला. पुढच्या वळणावर आम्ही पाहिले, की त्याचा पाय पूर्वीपेक्षा खोल जात आहे. आईने पदराखाली जपमाळ काढली.

तेव्हा दादा बोलले. आवाज जराही चढविला नाही. “बाळ, पुढं रुंद जागा दिसते आहे. डोंगराच्या बाजूला घे आणि थांबव. घाई करू नको.”

गाडी थांबली. पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर निघत होता. पुतण्या पाण्याची बाटली घेऊन धावला. दादांनी त्याचा हात धरला. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी ओतले तर ते वेडेवाकडे होते किंवा तडकते. ते आपले आपणच निवू द्यावे. त्यांनी गाडी ‘पी’वर ठेवविली, चाकाखाली दोन दगड लावले, आणि निघताना ते दगड रस्त्यावर न सोडता बाजूस टाकावयाचे काम आमच्यावर सोपविले. घाटात असे सोडलेले दगड रात्री दुसऱ्याचे प्राण घेतात. हे ते सांगत असताना आम्हांस त्यांच्या एकतीस वर्षांची आठवण झाली.

अर्धा-पाऊण तास आम्ही त्या वळणावर बसलो. खाली अंजुणे धरणाचे पाणी ऊन खात पडले होते. पुतण्या दूर एका दगडावर बसला होता, डाव्या गुडघ्यावर हात ठेवून. दादा त्याच्याजवळ गेले आणि बसले. आम्हीही मागोमाग गेलो. त्यांच्यात जे बोलणे झाले ते, आणि पुढे घरी येऊन गाडीची पुस्तिका व इतर माहिती धुंडाळून आम्हांस जे उमगले ते, दोन्ही येथे एकत्र मांडीत आहो.

माणसे व पोती धरून आमची गाडी तीन टनांच्या आसपास होती. एवढे वजन सातशे मीटर खाली आणावयाचे म्हणजे त्यातून जी शक्ती मोकळी होते ती कोठेतरी गेली पाहिजे. तिचा हिशोब मांडला तर साठेक लिटर गार पाणी उकळी येईपर्यंत तापेल इतकी उष्णता भरते. काही वाटा वारा घेतो, काही टायर घेतात. उरलेली सर्व उष्णता चालकाने ब्रेकच्या हवाली केली तर ती चार चाकांतील ओंजळभर लोखंडास व अस्तरास सोसावी लागते. ब्रेक हे थांबविण्यासाठी आहेत. घाटभर गाडी तोलून धरण्याचे काम त्यांचे नव्हे. तापलेल्या अस्तराची पकड सुटू लागते. त्याहून वाईट गोष्ट ब्रेकच्या तेलाची. हे तेल हवेतील ओल शोषून घेते. बाजारात डॉट ३ म्हणून मिळणारे तेल नवे असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. परंतु ओल शोषलेल्या त्याच तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल तळास टेकले तरी चाकास कळत नाही. आपल्या मुलखात चार महिने भिंतीसुद्धा पाझरतात. तेव्हा दोन वर्षांनी हे तेल बदलावे असे सांगतात, त्यात गॅरेजवाल्याचा लोभ नाही.

दुसरा मार्ग म्हणजे गाडी इंजिनाने धरणे. जुन्या चालकांचा नियमच होता: ज्या गिअरात घाट चढतोस, त्याच गिअरात उतर. खालच्या गिअरात चाके इंजिनास बळेच वेगाने फिरवितात. इंजिनास आत हवा ओढावी लागते, दाबावी लागते, स्वतःच्या घर्षणाशी झगडावे लागते; ह्या सर्व श्रमांत गाडीचा वेग खर्ची पडतो व उष्णता रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते. तेथे ती सोसण्याची सोय मुळातच केलेली असते. डिझेल इंजिनाची ही पकड पेट्रोल इंजिनापेक्षा जात्या थोडी कमी, कारण पेट्रोल इंजिनाच्या घशाशी हवा अडविणारी झडप असते व पाय उचलला की ती मिटते. म्हणूनच मोठ्या डिझेल मालट्रकांना धुराडे कोंडणारा निराळा ब्रेक बसविलेला असतो.

मग स्वयंचलित गाडीत काय बिघडते? वास्तविक बिघडत काहीच नाही. फक्त तिला सांगावे लागते. अशा पुष्कळ गाड्यांत इंजिन व गिअरपेटी ह्यांच्यामध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेला एक डबा असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवावे, एक चालू करावा, आणि त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागावा, तसे त्याचे काम चालते. वाऱ्याच्या जागी तेल, एवढाच फरक. ही युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी फॉटिंगर नावाच्या एका जर्मन अभियंत्याने जहाजांसाठी काढली, मोटारींनी ती पुढे उचलली. इंजिन जोरात असले की हे तेल चाकांस चांगले रेटते. उतारावर मात्र चाकांनी इंजिनास रेटावयाचे असते, आणि तेव्हा तेल घसरते, पकड सैल पडते. नव्या गाड्यांत दोन्ही पंखे घट्ट जोडणारी कुलपासारखी योजना असते, तिने पुष्कळ सुधारणा झाली. जुन्या काळच्या कित्येक अमेरिकन पेट्यांत तर ‘डी’वर खालचे गिअर सायकलच्या मागच्या चाकासारखे असत: पायडल मारले तर चाक फिरावे, पण चाक फिरले म्हणून पायडल फिरू नये. अशा गिअरात इंजिन गाडी धरीतच नसे. दांडी ओढून ‘दोन’वर किंवा ‘एल’वर आणली म्हणजेच आतला एक पट्टा आवळला जाई आणि इंजिन जागे होई.

आमच्या पुतण्याच्या गाडीत ‘डी’च्या शेजारी अधिक व उणे अशी खूण असलेला एक कप्पा आहे. दांडी तिकडे सरकवून उणेकडे टिचकी दिली की गाडी खालचा गिअर घेते आणि आपल्या मनाने वर जात नाही. आठ महिने गाडी वापरून त्याने तो कप्पा एकदाही उघडला नव्हता. ही शर्यतीच्या शौकिनांची सोय असेल, असे तो समजत होता. आणि ते बटण? ते ब्रेकनेच गाडी धरते. कच्च्या वाटेवरचा थोडका, खडा उतार मुंगीच्या पावलांनी उतरण्यासाठी ते केलेले आहे. तापलेल्या ब्रेकांस आम्ही ब्रेकचेच औषध देत होतो!

पुतण्याच्या मनात आणखी एक शंका होती. ती त्याने मान खाली घालूनच विचारली. “इंजिन एवढं ओरडलं तर डिझेल नाही का जास्त जाणार? आमच्याकडचे काही ड्रायव्हर तर उतारावर न्यूट्रल मारतात.” ह्यावर दादा प्रथमच संतापले. न्यूट्रल केलेली गाडी म्हणजे डोंगरावरून सोडलेले पिंप. इंजिनही बंद केले तर ब्रेकला मदत करणारे बळ दोनचार दाबांत संपते आणि चाकही हातांत जड होते. शिवाय तोटाच. आजच्या इंजिनात पाय उचललेला असून चाकेच इंजिन फिरवीत असतील, तर डिझेल पूर्णपणे तोडले जाते, थेंबही जात नाही. आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जातच राहते. म्हणजे ओरडणारे इंजिन उपाशी असते आणि झोपलेले इंजिन खात असते. हे ऐकून पुतण्या थोडा हसला. त्या वळणावरचे त्याचे ते पहिले हसू.

अमेरिकेत कोलोरॅडो प्रांतात पाइक्स पीक नावाचे शिखर आहे. त्याची उंची चौदा हजार फुटांहून अधिक असून माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता जातो. तेथून उतरणाऱ्या प्रत्येक चालकास खालचा गिअर घालण्यास बजावतात, आणि अर्ध्या वाटेवर ग्लेन कोव्ह येथे पहारेकरी गाड्या थांबवून ब्रेक किती तापले आहेत ते मोजतात. अधिक तापलेले आढळले तर निवेपर्यंत सोडीत नाहीत. पिकअप गाड्यांच्या त्या देशात, जेथे स्वयंचलित गिअर घरोघरी आहे, तेथेही माणसांस हे पुनःपुन्हा सांगावे लागते. मग आठ महिन्यांच्या आमच्या पोरास दोष तो काय द्यावयाचा? आमच्या घाटात असा पहारेकरी काही आम्हांस दिसला नाही. आमच्या वाट्यास दादा आले.

ब्रेक निवाल्यावर दादांनी चाक स्वतः घेतले नाही. आम्ही ते सुचवून पाहिले होते, कबूल करतो. ते म्हणाले, “नाही. तोच नेईल.”

पुतण्याने दांडी कप्प्यात सरकविली व गाडी सुटण्यापूर्वीच दुसरा गिअर घेतला. हे आधी करणे महत्त्वाचे. वेग चढल्यावर दांडी ओढली तर यंत्र कधीकधी ऐकतच नाही, कारण इंजिन फाटेल एवढ्या वेगास ते जाऊ देत नाही. इंजिन घोंघावू लागले. काटा तीन हजारांवर गेला. सौभाग्यवती दचकल्या, पण गाडी मात्र कोणी शेपूट धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. अवघड वळण आले की पुतण्या एकदा ठाम ब्रेक दाबी, वेग उतरवी आणि पाय पूर्ण उचली. दाबून सोडलेला ब्रेक मधल्या वेळात वारा खातो. नुसता टेकवून ठेवलेला ब्रेक तापतच राहतो. मध्ये एक लांब, सौम्य उतार लागला तेव्हा त्याने आपणहून तिसरा घेतला आणि पुढचे वळण दिसताच आपणहून परत दुसरा. दादा बाहेर पाहात होते. खालून भाजीच्या रिकाम्या गाड्या बेळगावकडे चढत येत होत्या. चढणाऱ्यास वाट द्यावी हा घाटाचा कायदाच आहे. पुतण्याने तीन वेळा थांबून वाट दिली, आणि तीनही वेळा गाडी अशी थांबली की आईच्या हातातील माळ हललीही नाही.

हवा बदलली. थंडी गेली, काजू व नारळ दिसू लागले, आणि केरी आली. तेथे एका दुकानापाशी आम्ही सोडा घेतला. दादा खाली उतरून पुढच्या चाकाशी वाकले. हात न लावता तळवा केवळ वीतभर अंतरावर धरला, मग पुतण्यास बोलावून त्याचाही तळवा तेथे धरविला. “कोमट,” तो म्हणाला. दोघे दुसऱ्या चाकाकडे गेले. तेथेही तसेच केले.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने गाडी डिचोलीत एका गॅरेजात नेली. पुढची अस्तरे काचेसारखी गुळगुळीत झाली होती, ती बदलली. ब्रेकचे तेलही बदलले. लग्न उत्तम झाले. रोसच्या रात्री बहिणीचे यजमान त्यास सर्वांसमोर विचारीत होते, क्लच नाही अशा गाडीने घाट उतरता तरी येतो का, आम्ही तर ऐकले की असल्या गाड्या घाटात धरत नाहीत. पुतण्याने दादांकडे पाहिले. दादा नारळाचा रस वाटण्यात गुंतले होते, किंवा तसे दाखवीत होते.

“धरते,” पुतण्या म्हणाला, “तिला आधी सांगावं लागतं.”

परतीच्या वाटेवर चढ होता, तेव्हा ‘डी’वरच आलो. कणकुंबीहून पुढे जांबोटीकडे लहानसे उतार लागतात. तेथे दादा झोपले होते.